पान चारशे बाराची चिठ्ठी

१

सकाळचे पावणेबारा झाले होते. मी नव्या अंकांवर शिक्के मारत बसले होते, तेवढ्यात कोर्टातल्या आमच्या ग्रंथालयाचं दार धाडकन उघडलं आणि चिमणी आत आली. चिमणी म्हणजे आमच्या बारमधली सगळ्यात बारीक आवाजाची वकील, सनद मिळून जेमतेम दीड वर्ष झालेली. एरवी तिची चिवचिव थांबवावी लागते. आज तिनं एकच प्रश्न विचारला.

"मावशी," ती म्हणाली, "पान चारशे बारावर लाल चिठ्ठी का नव्हती?"

आता ही लाल चिठ्ठी काय ते आधी सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. कोर्टाचे निवाडे रोज येतात, आणि नवा निवाडा जुन्याला कधी मोडीत काढेल याचा नेम नाही. मेलेला निवाडा जिवंत समजून वकील कोर्टात घेऊन गेला की त्याची फजिती ठरलेली. म्हणून मी बावीस वर्षांपूर्वी एक रीत पाडली. दर सोमवारी निवाड्यांचं साप्ताहिक येतं. त्यात अमुक जुना निवाडा फिरवला असं आलं, की मी तो जुना खंड काढते आणि त्या पानावर लाल चिठ्ठी डकवते, 'फिरवला, अंक अमुक'. आख्खं बार डोळे झाकून त्यावर चालतं. चिठ्ठी नसली की निवाडा जिवंत धरायचा.

"अगं, चारशे बारावर आहे की चिठ्ठी! गेल्याच्या गेल्या सोमवारी मीच लावलीय."

"नाही मावशी. मी काल संध्याकाळी बघितलं. नव्हती."

तिची अशील शिवणकाम करणारी एक बाई. इमारत दुरुस्त करायची म्हणून मालकानं तिला दुकानातून बाहेर काढलं, तोंडी म्हणाला, झालं की परत या. दुरुस्ती झाली, आणि आता तो म्हणतो लिहिलेलं दाखवा. उद्या तो दुकान दुसऱ्याला देणार. चारशे बाराचा निवाडा म्हणजे त्या बाईचं ब्रह्मास्त्र होतं, कारण त्यात म्हटलं होतं की दुरुस्तीसाठी बाहेर पडलेल्या भाडेकरूचा परत येण्याचा हक्क लेखी काही नसलं तरी जात नाही.

"मी तो वाचून दाखवला," चिमणी म्हणाली, "आणि मालकाचे वकील उठले. तोफसाहेब. खिशातून साप्ताहिक काढलं आणि गरजले, हा निवाडा फिरवलाय! ह्या बाई कोर्टाची दिशाभूल करतायत! त्यांचा ज्युनियर मागून त्यांची बाही ओढत होता, अजून काहीतरी बोला म्हणून. त्यांनी हात झटकला नि बोलतच राहिले."

"आणि न्यायाधीशबाई?"

"अडीच वाजता खुलासा मागितलाय. पटला नाही तर शिस्तसमितीला लिहिणार. मावशी, माझी सनद जाईल हो!"

मी खुर्चीवरून उठले ती थेट मांडणीपाशी. खंड काढला, पान उघडलं. चिठ्ठी नव्हती. पान असं कोरं, जसं काही माझा हात तिथं कधी लागलाच नव्हता.

२

"काका!" मी ओरडले. ग्रंथालयात ओरडायचं नाही ही पाटी मीच लावलीय, पण त्या क्षणी पाटी गेली खड्ड्यात.

खिडकीपाशी वर्तमानपत्रातल्या छपाईच्या चुका शोधत बसलेले स्टेनोकाका उठले. चौतीस वर्षं त्यांनी न्यायाधीशांचे निवाडे लघुलिपीत उतरवून घेतले. निवृत्त झाले तरी रोज दहाला हजर, घरी करमत नाही म्हणून. बारमध्ये कुणाची फाईल हरवली, कुणाची छत्री गेली की लोक काकांकडे येतात, आणि काका बसल्या जागी सांगतात कुठं असेल ते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पानावर बोटं फिरवली. "ताई, पान जरा फुगलंय. ओलं करून सोडवलीय चिठ्ठी. अक्षराला धक्का नाही." मला विचारलं, "ह्या खंडाच्या प्रती किती?"

"तीन. ही हॉलमधली, एक ज्येष्ठांच्या खोलीत आणि एक कुलपातल्या कपाटात. तिन्हींवर लावल्या होत्या."

"बघून या."

मी अक्षरशः धावले. ज्येष्ठांच्या खोलीत दोन म्हातारे वकील डुलक्या काढत होते, त्यांच्या डोक्यावरून खंड ओढला. चिठ्ठी नाही. कपाट उघडलं, तिथंही नाही. तिन्ही पानं तशीच किंचित फुगलेली. कोणीतरी माझ्या ग्रंथालयात येऊन, माझ्या नाकावर टिच्चून, तीन चिठ्ठ्या पळवल्या होत्या!

कपाटाची किल्ली वहीत सही केल्याशिवाय मी कुणाला देत नाही. काकांनी वही उघडली. चिठ्ठ्या लागल्यानंतर तीनच नोंदी होत्या. गुरुवारी चिमणी. शुक्रवारी तोफसाहेबांचं ऑफिस, त्यांच्या ज्युनियरच्या हातची. त्यानं तारीख चुकवली होती, चुकलेल्या आकड्यावर शेपटीसारखी एक गाठ मारून पुढे बरोबर तारीख घातली होती. शनिवारी बाइंडर.

काकांनी चष्म्यावरून चिमणीकडे बघितलं. "गुरुवारी कपाटात काय काम होतं पोरी?"

"दुसऱ्याच खंडासाठी गेले होते. माझ्यावर संशय घेताय काका? मीच चिठ्ठी काढून मीच तोंडघशी पडेन?"

"'चिठ्ठीच नव्हती' ही खुलाशाला बरी सबब आहे," काका शांतपणे म्हणाले. "न्यायाधीशबाई हेच विचारतील."

चिमणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

३

बाइंडर खाली अंगणात खंड शिवत बसला होता. मी तडतडतच गेले. "माझ्या चिठ्ठ्या तू काढल्यास का रे?"

तो असा चिडला की सुईच खाली ठेवली. "बाई, आम्ही चिठ्ठी काढतो म्हणजे खरवडतो. पानाचं सालपट निघतं, तुम्हीच ओरडता. दाखवा बघू." मी खंड पुढे केला. त्यानं पान उजेडात धरलं. "ओलं फडकं ठेवलंय, खाली टीपकागद. पाच मिनिटं थांबलाय माणूस, घाई केली नाही. एवढ्या मऊ हाताचं आमच्या धंद्यात कोणी नाही. ज्यानं काढली त्याला पुस्तकाची माया आहे."

चोराला पुस्तकाची माया! माझं डोकं अजूनच फिरलं.

तोफसाहेब कँटीनमध्ये चार जणांना सकाळचा पराक्रम ऐकवत होते. काकांनी सरळ विचारलं. साहेब एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळला.

"मी काढली असती तरी कबूल केलं असतं! चिठ्ठी असती तर पोरगी तो निवाडा घेऊन आलीच नसती, मग मला मजा कुठून आली असती? पण काका, ग्रंथालयात मी पाय ठेवला त्याला तीन वर्षं झाली. खंड कुठल्या मांडणीवर असतो तेही मला ठाऊक नाही. ही सगळी कामं हा करतो."

'हा' म्हणजे मागे फायली सांभाळत उभा असलेला त्यांचा ज्युनियर. त्याला सगळे मौनी म्हणतात. हुशार पोरगा, पण तोंडाला कुलूप. काकांनी त्याच्याकडे बघितलं, त्यानं जमिनीकडे बघितलं.

"शुक्रवारी कपाटातून काय घेतलंस?"

"खंड," मौनी म्हणाला, आणि पुढे एक शब्द नाही.

"पाजी कुठला!" जिना चढताना मी काकांना म्हणाले. "साहेबांनीच त्याला पाठवलं असणार. आधी चिठ्ठी काढायची, मग पोरीला खड्ड्यात ढकलायचं. चला, न्यायाधीशबाईंना सांगू या."

"ताई, तुमचं उत्तर छान आहे," काका म्हणाले. "फक्त ते बसत नाही."

४

वर येऊन त्यांनी मला ज्या अंकावरून मी चिठ्ठी लावली तो अंक मागितला. मी फाईलमधून काढला. पहिल्याच पानावर तो नवा निवाडा, आणि त्याच्या डोक्यावर हेडनोट, म्हणजे निवाड्याचा चार ओळींचा सारांश. आख्खा निवाडा वाचायला वेळ कुणाला असतो? वकील हेडनोट वाचतात आणि मीही तेच करते. 'लेखी करार नसल्यास परत येण्याचा हक्क उरत नाही. आधीचा निवाडा चूक. परिच्छेद ३१.' स्पष्ट होतं सगळं.

हेडनोटच्या कडेला पेन्सिलनं कोणीतरी एक गाठ काढली होती.

"हा काय पोरखेळ!" मी खोडरबर उचललं. काकांनी माझा हात धरला.

"राहू द्या. मला सांगा, चिमणीला फसवायचं तर किती प्रती साफ करायला हव्यात?"

"एक. ती हॉलमधलीच बघते."

"ज्येष्ठांच्या खोलीत तिला कोणी उभं करत नाही. मग तिथली चिठ्ठी का गेली? एकाच माणसाला खड्ड्यात पाडायचं असेल तर कोणी गावातले सगळे रस्ते खणत नाही. ज्यानं तिन्ही काढल्या, त्याला कुणालाच ती चिठ्ठी दिसायला नको होती. पान न दुखवता, जपून काढल्या. हे फसवणाऱ्याचं काम नाही ताई. हे दुरुस्ती करणाऱ्याचं काम आहे."

"दुरुस्ती कसली?"

"तुमची चिठ्ठी चूक असेल तर?"

मला असा राग आला म्हणून सांगू! बावीस वर्षं! एक चिठ्ठी चुकली नाही माझी! मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. कारण एक गोष्ट मला तेव्हाच कळली. तो नवा निवाडा मी वाचलाच नव्हता. मी फक्त हेडनोट वाचली होती.

"चिमणे," काका म्हणाले, "कोर्टाच्या साइटवरून आख्खा निवाडा छापून काढ. पळ!"

५

शहाऐंशी पानं. आमचा प्रिंटर म्हणजे मुलखाचा आळशी, दर दहा पानांना अडकणारा. चिमणी पानं ओढत होती, मी प्रिंटरला थापट्या मारत होते, आणि घड्याळात एक वाजून गेला होता.

काका डोळे मिटून बसले. "मोठ्यानं वाच. मी ऐकतो."

"काका, ऐकून काय कळणार?"

"चौतीस वर्षं दुसरं काय केलं? निवाड्यात एकटे न्यायाधीश बोलत नसतात पोरी. आधी ह्या वकिलाचं म्हणणं सांगतात, मग त्याचं, मग स्वतःचं. सांगताना आवाज बदलतो. वकिलाचं चालू झालं की मी कडेला एक छोटा 'व' लिहायचो, म्हणजे गोंधळ नको. टंकताना तो 'व' गळून जातो. कागदावर सगळे आवाज सारखेच दिसतात."

चिमणी वाचू लागली. परिच्छेद वीस, बावीस, पंचवीस. अठ्ठावीसला पोचली. "'मालकाच्या विद्वान वकिलांनी असं मांडलं की...'"

"इथं 'व'," काका म्हणाले.

एकोणतीस. तीस. दोन्ही परिच्छेदांत वकिलाचं नाव नाही, गाव नाही, नुसता युक्तिवाद. मग एकतीस. "'सबब, लेखी करार नसल्यास परत येण्याचा हक्क उरत नाही, आणि आधीचा निवाडा चूक आहे.'"

"अजून 'व'च चालू आहे," काका म्हणाले, डोळे न उघडता. "पुढे."

मग बत्तीस. "'याउलट, भाडेकरूच्या वकिलांचं म्हणणं असं...'"

"अरे देवा! म्हणजे एकतीस कोर्टाचं नाहीच!"

"नाही. त्या खटल्यातल्या मालकाच्या वकिलाचं. ज्यानं हेडनोट लिहिली, त्यानं हरलेल्या वकिलाच्या तोंडचं वाक्य उचलून कोर्टाच्या तोंडात घातलं."

चिमणी आता वाचत नव्हती, पानं भिरभिर उलटत होती. परिच्छेद सत्तावन्नावर तिचं बोट थांबलं आणि ती किंचाळली. खरंच किंचाळली. "'ही मांडणी आम्हाला मान्य नाही. आधीचा निवाडा योग्य असून तो कायम राहील!' मावशी! जिवंत आहे! निवाडा जिवंत आहे!"

आम्ही दोघी एकमेकींना मिठ्या मारत होतो. काका मात्र घड्याळाकडे बघत होते.

"तोफ म्हणणार, ही इंटरनेटवरची प्रिंट, हिला सही नाही, शिक्का नाही. छापील अंक खरा. सही-शिक्क्याची प्रत यायला चार दिवस लागतील, आणि दुकान उद्या जाणार. हेडनोट चुकली असं कोणीतरी उभं राहून सांगायला हवं. तेही ज्यानं ती लिहिली त्यानंच."

"ते कुठून आणायचं? हेडनोटवर नाव थोडंच असतं?"

काकांनी पेन्सिलची ती गाठ दाखवली. "खोडायचं असेल तर वकील आडवी रेघ मारतो. ही शेपटीची गाठ छापखान्याची खूण आहे, प्रुफं तपासणारे मारतात, 'हे काढा' म्हणून." मग त्यांनी किल्लीची वही उघडून शुक्रवारच्या तारखेवर बोट ठेवलं. तिथंही तीच गाठ होती, मौनीच्या हातची.

६

मौनी फायलींच्या खोलीत एकटा होता. आम्ही तिघं दारात उभे राहिलो आणि त्यानं काही विचारायच्या आतच मान खाली घातली.

"चार महिने झाले," तो म्हणाला. एवढा तो बोललेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. "घरी बसून हेडनोट लिहितो. निनावी. साहेबांना ठाऊक नाही, त्यांना असली बाहेरची कामं चालत नाहीत. ती एक मी घाईत लिहिली. अंक छापून आला तेव्हा सगळा निवाडा परत वाचला आणि चूक कळली. संपादकांना लिहिलं. ते म्हणाले, वर्षाअखेर शुद्धिपत्रात टाकू."

"वर्षाअखेर!" मी म्हणाले.

"म्हणून चिठ्ठ्या काढल्या. मावशी, तुम्हाला सांगायला हवं होतं. लाज वाटली."

"आणि सकाळी कोर्टात?" चिमणीनं विचारलं.

"साहेब तो अंक काढतील हे मला माहीत नव्हतं. बाही ओढली. त्यांना वाटलं मी वेळेची आठवण करतोय." त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "मी हे सांगितलं तर ते मला त्याच मिनिटाला काढतील. घरी आई आहे, बहिणीचं शिक्षण आहे. दुसरं कोणी मला ठेवणार नाही. निवाडा उलटा वाचणारा वकील म्हणून नाव होईल."

"आणि हिचं काय नाव होईल?" मी भडकलेच. "चिमणे, तू सरळ सांग न्यायाधीशबाईंना. नाव घे ह्याचं!"

चिमणी मौनीकडे वळली. सकाळपासून सनद जाणार म्हणून थरथरणारी पोरगी, पण आवाज अगदी सरळ आला. "मी नाव घेणार नाही. सकाळी माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा कसं वाटलं ते मला माहितीये. सांगायचं तर त्यानं सांगावं."

"अगं वेडे!" मी कपाळावर हात मारला.

मौनीनं फायली उचलल्या. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

७

बावीस वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी मी ग्रंथालयाला कुलूप लावलं आणि कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसले. शेजारी ती शिवणकाम करणारी बाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "काय चाललंय हो?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुमचंच चाललंय."

चिमणी उभी राहिली. अठ्ठावीस वाचला, एकतीस वाचला, मग सत्तावन्न. आवाज बारीकच, पण एक अक्षर डगमगलं नाही. न्यायाधीशबाई टेकून बसल्या होत्या, त्या पुढे झुकल्या.

तोफसाहेब उठले, आणि काका म्हणाले होते तेच झालं. "ही कुठली तरी प्रिंट! ना सही, ना शिक्का! माझ्याकडे छापील अंक आहे. छापलेलं चूक, असं ह्या कशाच्या जोरावर म्हणतात?"

न्यायाधीशबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "मुद्दा आहे," त्या म्हणाल्या. "ॲडव्होकेट, हेडनोट चुकली याला तुमच्याकडे दुसरा काही आधार आहे?"

चिमणीनं मागे वळून बघितलं नाही. मी बघत होते ना! मौनी साहेबांच्या मागे फायली धरून बसला होता. "आधार आहे, बाईसाहेब. पण तो माझ्यानं देववत नाही," ती म्हणाली. "मला एवढंच म्हणायचंय की आख्खा निवाडा वाचावा."

कोर्टात कुजबुज सुरू झाली. तोफसाहेब हसत खाली बसले. आणि ते बसले तेव्हा त्यांच्या मागचा माणूस उभा असलेला सगळ्यांना दिसला.

"ती हेडनोट मी लिहिलीय," मौनी म्हणाला. "चूक लिहिलीय. एकतिसावा परिच्छेद वकिलाचा आहे. संपादकांना मी त्याच आठवड्यात कळवलं होतं, त्या पत्राची प्रत ही. ग्रंथालयातल्या चिठ्ठ्याही मीच काढल्या. ह्यांनी कोणाची दिशाभूल केलेली नाही. केली असेल तर मी केली."

तोफसाहेबांची मान अशी वळली की मला वाटलं मोडतेय आता. त्यांच्या तोंडून मात्र आवाज फुटला नाही, तोफ पहिल्यांदाच गप्प झाली होती. न्यायाधीशबाईंनी पत्र वाचलं. मग स्टेनोला सांगू लागल्या आणि मी श्वास रोखून ऐकत राहिले. चिमणीकडून मागितलेला खुलासा समाधानकारक. शिस्तसमितीचा विषय संपला. दुकान मालकानं दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, आणि किल्ली उद्या अकरापर्यंत कोर्टात आणून द्यायची.

"म्हणजे काय?" शेजारच्या बाईनं माझा दंड धरला.

"म्हणजे दुकान हातचं गेलं नाही!" मी म्हणाले आणि मलाच रडू फुटलं.

बाहेर व्हरांड्यात तोफसाहेब मौनीजवळून गेले. "उद्यापासून यायचं नाही," एवढंच म्हणाले. मौनीनं फायली त्यांच्या कारकुनाच्या हातात दिल्या आणि कोट काढून हातावर घेतला. कुठं जायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

चिमणी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माझ्या ऑफिसात ये उद्या. ऑफिस म्हणजे जिन्याखाली एक टेबल आणि एक खुर्ची. खुर्चीवर मी बसते. तुला उभं राहावं लागेल."

"चालेल," मौनी म्हणाला. "उभं राहणं आजच जमायला लागलंय."